मोठ्याचं चालेल का?

सुगंधाचं हिमोग्लोबिन सहाच्या खाली आलं होतं आणि तिची सासू मला छातीठोकपणे सांगत होती, "म्याडम, माझी सून दर दिसाला मटण खाते. तुमी-आमी नाय खात तेवढा खाते."

बाजूच्या खुर्चीत आमचे इन्चार्ज डॉक्टर बसले होते. ते लगेच म्हणाले, "बघा. डाएट उत्तम आहे. म्हणजे कारण दुसरंच काहीतरी असणार. जंत बघा, सिकल सेल बघा. डाएटचा इथे प्रश्नच नाही."

मी आहारतज्ज्ञ, म्हणजे डाएटीशियन. शहापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यात नोकरीला होते. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच काम करतात. "डाएटचा प्रश्नच नाही" असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यात मी मूळची तोंडाळ.

"कसलं मटण?" मी सासूला विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कसला म्हंजे? कोंबडीचा."

सर पुण्याचे. त्यांच्याकडे मटण म्हणजे बोकड. आमच्या डोळखांबच्या पाड्यांवर मटण म्हणजे कुठलंही मांस. कोंबडीचं मटण, बोकडाचं मटण, सशाचं मटण. सुगंधा याच्या आधीही दोनदा ओपीडीत येऊन गेली होती. दोन्ही वेळा तिनं "मटण खाते" सांगितलं, सरांनी मान हलवली आणि ती माझ्या टेबलापर्यंत पोचलीच नाही. नर्सनं गोळ्या दिल्या आणि ती घरी गेली.

आता हे रक्ताचं गणित सोपं करून सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग, तो अंगभर प्राणवायू पोचवतो. गरोदर बाईचं ते अकराच्या वर हवं. सातच्या खाली गेलं की धोका. अशा बाईला बाळंतपणात नेहमीएवढा रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही. दुसरी बाई उठून चहा पिते, ही जाते. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागतं, आणि लोह कशात किती आहे हे बघणं माझं काम.

कोंबडी आणि लाल मांस, म्हणजे बोकड, म्हैस, रेडा, यांची तुलना आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. प्रोटीन दोघांत जवळपास सारखं. ब्रॉयलर कोंबडीत चरबी कमी, पचायला हलकी, म्हणून हार्टच्या पेशंटला आम्ही कोंबडी सांगतो. पण लोह आणि बी-ट्वेल्व्ह या दोन बाबतींत लाल मांस कोंबडीच्या कितीतरी पुढे. मांस लाल दिसतं तेच मुळी लोहामुळे. कोंबडीचं छातीचं मांस पांढरं का, याचं उत्तरही तेच. कोंबडीत लोह खरं असतं ते काळजात, म्हणजे कलेजीत.

"कलेजी कोण खातं तुमच्याकडे?" मी सुगंधाला विचारलं.

सुगंधा तोंडावर हात ठेवून हसली. वय असेल बावीस-तेवीस. ओठ पांढरे, डोळ्यांखाली सूज, पण हसणं लहान पोरीसारखं. "बाबा. त्यांना ताडीसंगती लागतं."

बाबा म्हणजे सासरा.

एवढी कोंबडी घरात येत कुठून होती, तेही सांगते. तिचा नवरा काशिनाथ मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे एका पोल्ट्री शेडवर कामाला होता. शेडवर पायानं अधू झालेल्या कोंबड्या निघतात, व्यापारी त्या उचलत नाही. मालक त्या कामगारांना देऊन टाकतो. काशिनाथ एक दिवसाआड मोटारसायकलला कोंबडी लटकवून पाड्यावर यायचा. पाड्यावर जिथे महिनोन्महिने वशाट शिजत नाही, तिथे या घरातून रोज रश्श्याचा वास. सासूला किती कौतुक वाटत असेल! बाई खोटं बोलत नव्हती. सुनेला तिनं खरंच जीव लावला होता.

"आणि लोहाच्या गोळ्या?"

सुगंधानं सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "त्या कशाला? त्यांनी काला होतं परसाकडं, मलमलतं. रोज मटण चाललाय ना, मंग गोळ्या कशाला?"

झालं. कोंबडीनं गोळ्यांची जागा घेतली होती. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "ओके. आयर्न सुक्रोज चालू करू. आजच."

आयर्न सुक्रोज म्हणजे लोहाचं सलाइन. एक दिवसाआड एक बाटली, अशा काही बाटल्या. बाळंतपणाला अजून दीड महिना होता. सगळ्या बाटल्या वेळेत गेल्या तर रक्त बऱ्यापैकी वर येतं. सुगंधाला आत खाटेवर घेतलं. मी शेजारी बसून तिला काय खायचं ते सांगत होते. नाचणी, पालेभाजी, तिच्यावर लिंबू पिळून, सुकट, आणि यापुढे कलेजी सासऱ्याला नाही, बेतानं तूच खायची. ती ऐकत होती आणि माझ्या मनगटाकडे बघत होती.

"म्याडम, तुमच्या हाताच्या काड्या झाल्यात. एक बाटली तुमाला पन लावा."

"गप गं. मला सांगतेय."

"खराच सांगतंय. आनि मना आता कोंबडीचा वास पन नको वाटतं. पन यांना कसा सांगू? एवढ्या लांबशी आनतात."

मला ती पोरगी आवडली. तसं म्हटलं तर पेशंट आवडायचे नसतात.

बाटली संपत आली तेव्हा त्यांना न्यायला आलेल्या काशिनाथनं मला बाहेर पॅसेजमध्ये गाठलं. इकडे-तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "म्याडम, मोठ्याचा चालंल का?"

"मोठ्या दवाखान्याचं? कशाला, इथेच होईल सगळं."

त्यानं पुन्हा मागे बघितलं आणि दोन बोटं कपाळाजवळ नेऊन शिंगं दाखवली. "शेडवं ट्रक येतं ना, त्याचा डायवर बोलला. बडे का खिला, खून बनता है. बोकडाचा आमाला परवडत नाय."

मी खरं तेच सांगितलं. म्हणाले, "चालेल. गायबैल कायद्यानं बंद आहे, म्हशी-रेड्याचं मिळतं. नीट शिजवलं तर अंगाला चांगलंच, लोह कोंबडीपेक्षा जास्त. पण तुमच्या घरात चालतं का ते?"

"घरात कुठं? आई उंबऱ्याभाईर काडील."

"मग सोड. आणि ऐक, आता मांसानं भागणार नाही. पाव किलो खाल्लं तरी त्यातलं अंगी लागणार चिमूटभर. त्या एका बाटलीत जेवढं लोह आहे ना, तेवढं मांसातून मिळवायला महिने जातील. तुझ्या हातात महिने नाहीत. परवा तिला परत आण. बाटल्या चुकवू नकोस. कळलं?"

"हां म्याडम."

कुठलं कळतंय! त्यानं माझा पहिला शब्द तेवढा धरला होता.

ठरल्या दिवशी ती आली नाही. म्हटलं, बस चुकली असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आत तिच्या गावाकडचे एक पुढारी बसले होते, सोबत चार-पाच जण. सरांचा चेहरा उतरलेला.

"मॅडम, तुम्ही पेशंटला मोठ्याचं मांस खायला सांगितलं?"

"नवऱ्यानं विचारलं चालेल का. मी म्हटलं, अंगाला चालतं, पण घरात चालत नसेल तर सोड आणि सलाइन पूर्ण कर."

पुढारी म्हणाले, "म्हणजे सांगितलंच ना! आमच्या लोकांना बाटवायला पगार घेता का तुम्ही?"

काय घडलं होतं ते तिथेच कळलं. काशिनाथनं शेडवर स्वतः ते मांस शिजवलं, डब्यात भरलं, घरी नेलं आणि बोकडाचं म्हणून सांगितलं. सुगंधा बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. पण बाजारात त्याला त्या दुकानाशी कोणीतरी बघितलं होतं. बातमी पाड्यावर पोचली. आईनं त्याला विचारलं. तो घाबरला आणि त्याच्या तोंडून निघालं, "दवाखान्यातल्या म्याडमनी सांगितलाय."

मी विचारलं, "सुगंधा कुठे आहे?"

पुढाऱ्यांनी सरांकडे बघितलं.

"अहो, तिची दुसरी बाटली राहिली आहे. ती कुठे आहे?"

सर म्हणाले, "पेशंटचं आपण नंतर बघू. आधी हे मिटवू. तुम्ही सॉरी म्हणा."

"कशाबद्दल?"

"मॅडम, प्लीज."

मी सॉरी म्हटलं. तोंड कडू झालं, पण म्हटलं. म्हटलं मिटत असेल तर मिटो आणि बाई खाटेवर येऊ दे. पुढाऱ्यांनी अजून बराच वेळ भाषण केलं, चहा घेतला आणि गेले. त्या केबिनमध्ये एवढी माणसं बसली होती, त्यातल्या एकालाही तिचं हिमोग्लोबिन किती आहे हे विचारावंसं वाटलं नाही. मला अजून त्याचा संताप येतो.

दुपारी पाड्यावरच्या आशाताईचा, रंजनाचा फोन आला. आशा म्हणजे गावातलीच बाई, ती गरोदर बायकांना दवाखान्यापर्यंत आणते. "मॅडम, सासू मला उंबऱ्यातून आत घेत नाही. त्या दवाखान्याची पायरी चढाची नाय म्हणते. काशिनाथला पण घराबाहेर काढलाय. तो शेडवर गेला."

दुसऱ्या दिवशी मीच गेले. दवाखान्याची गाडी घेऊन गेले असते तर पाड्यानं दगड मारले असते की काय कोण जाणे, म्हणून बसनं डोळखांबपर्यंत आणि पुढे रंजनाच्या भावाच्या मोटारसायकलवर. सासू अंगणात नाचणी पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही. बसा म्हणाली नाही.

"आई, मी तुमची माफी मागायला आले," मी म्हटलं.

"माफी घेऊन काय करू?" तिनं गोठ्याकडे हात केला. तिथे रेड्यांची जोडी रवंथ करत होती. "ते बघा. त्यांनी आमची शेतं चिखलून दिली, त्यांच्या जिवावर आमी भात खाल्ला. पोरगा ल्हान होता तवा त्यांच्या आईसचा दूध प्यायला. आनि तुमी माज्या सुनेच्या तोंडात तेच घातलात. तुमच्या पुस्तकात असंल बरा. आमाला इचारला का तुमी?"

तिचं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. तिच्या घरात काय शिजावं हे तीच ठरवणार. मला तिच्या चुलीशी काही देणंघेणं नव्हतं. मला तिची सून हवी होती, अर्ध्या तासासाठी, एक दिवसाआड.

"नका खाऊ. काहीच नका खाऊ. मांस बंद करा हवं तर," मी म्हटलं. "पण तिला सलाइनला पाठवा. त्याच्यात मांस नाही, काही नाही. नुसतं औषध आहे. तिच्या अंगात रक्त नाही, आई. बाळंतपणात ती जाईल."

"वंगाळ बोलू नका माज्या दारात!"

सुगंधा आतून दाराशी आली. पाय सुजलेले. चौकट धरून उभी. हसली नाही. "मना बरा हाय म्याडम. तुमी जा. आईंना बोलू नका."

मी सासूसमोर हात जोडले. मी कधी कोणासमोर हात जोडलेले नाहीत, घरचे सांगतील. बाई थोडी वरमली. म्हणाली, "बघतंय. तुमच्या गाडीत नाय घालाची तिला. माजा पोरगा आनील तवा आनील."

"पण पोरग्याला तर तुम्ही बाहेर काढलंय!"

ती नाचणी पाखडत राहिली.

परत येताना वाटेतूनच मी काशिनाथला फोन लावला. तो रडायलाच लागला. "आई घरात घेत नाय म्याडम. बोलते तुजा तोंड नको."

"मग घरात जाऊ नकोस. दाराशी गाडी लाव, बायकोला बसव आणि इकडे आण. कोणी काय बोललं तर ऐकून घे. मारलं तर मार खा. पण आण."

"शेडवं माल भराचा हाय. भरून झाला का येतो."

तो खरंच निघाला, दुसऱ्या दिवशी सकाळी, माल भरून झाल्यावर. पण त्याच सकाळी सुगंधाला वेळेच्या आधीच कळा सुरू झाल्या. सासूला वाटलं या खोट्या कळा असतील. मग वाटलं नसतील. रंजना धावत गेली तोवर मुलगी जन्माला आली होती, घरातच, मूठभर. आणि रक्त थांबत नव्हतं.

रंजनानं जीप मिळवली. काशिनाथ त्यांना रस्त्यातच भेटला. त्यानं मोटारसायकल तशीच टाकली आणि जीपमध्ये चढला. दवाखान्यात पोचले तेव्हा सुगंधा डोळे उघडत होती, मिटत होती. लॅबवाल्यानं रक्त तपासलं आणि आकडा बघून पुन्हा तपासलं, कारण त्याला वाटलं मशीन बिघडलंय.

एक सांगायलाच हवं. त्या दिवशी सर जिवाच्या आकांतानं राबले. रक्तस्राव बराच आटोक्यात आणला. दुसऱ्या कोणाला तो तेवढा सहज सोसला असता. पण तिला रक्त चढवायला हवं होतं आणि आमच्याकडे रक्तपेढी नाही. ठाण्याला पाठवायचं ठरलं. अँब्युलन्समध्ये नर्स चढली, काशिनाथ चढला. स्ट्रेचर उचलताना सुगंधानं माझा हात धरला होता. तिची बोटं गार होती. ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेईपर्यंत स्ट्रेचर पुढे गेलं.

भिवंडीच्या अलीकडेच ती गेली. नर्सचा फोन आला तेव्हा मी स्टोअरमध्ये होते. तिथेच पोत्यावर बसून रडले. एवढी रडले की स्टोअरकीपर घाबरून पाणी घेऊन आला.

माता दगावली की मीटिंग होते. वरून माणसं येतात, कारण शोधतात. त्यांनी सगळ्यांना विचारलं. मी सगळं सांगितलं, मटण या शब्दापासून. कोंबडी आणि लाल मांस यांतला फरक एका साहेबांना पुन्हा समजावून सांगावा लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग निर्णय झाला. यापुढे आहारतज्ज्ञांनी पेशंटशी मांसाहाराच्या विषयावर बोलू नये. अंडी चालतील. बस. वेळेआधीच्या बाळंतपणासाठी रक्त कुठून आणायचं, बाटली चुकवलेल्या बाईला दुसऱ्याच दिवशी गाडी का जात नाही, यावर चर्चा करायला वेळ उरला नाही, कारण साहेबांना मुरबाडला दुसरी मीटिंग होती.

मी तो नियम पाळला असेल असं कोणाला वाटत असेल तर तो मला ओळखत नाही. फक्त एक बदल केला. कोंबडी चांगली की लाल मांस, असं कोणी विचारलं तर मी हो-नाही काहीच आधी बोलत नाही. आधी विचारते, सलाइन पूर्ण झालं का, गोळ्या चालू आहेत का. ते झाल्याशिवाय मांसावर चकार शब्द नाही. नवऱ्याला एकट्याला सांगत नाही, सासूला एकटीला सांगत नाही. सगळ्यांना एका बाकावर बसवते. वेळ जातो. जाऊ दे.

मुलगी जगली. आमच्याकडे काचेच्या पेटीत होती, मग ठाण्याला, मग परत आमच्याकडे. तिला घरी सोडायच्या दिवशी सासू एकटीच आली. काशिनाथ शेडवर होता. तो घरी जातच नाही म्हणाली. बाई एवढ्यातच वाळली होती. त्या केबिनमधल्या माणसांपैकी कोणी नंतर फिरकलं का, असं मी विचारणार होते. तिच्याकडे बघून विचारलं नाही.

तिनं बाळाला माझ्या टेबलावर ठेवलं. लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं होतं. मी पावडरचं दूध कसं कालवायचं ते दाखवलं. पाणी उकळून, भांडं उकळून, वाटी-चमच्यानं. तिनं दोनदा माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "आनि मोठी झाल्यावं?"

"सहा महिन्यांनी या. मग सांगेन काय घालायचं ते."

तिनं टेबलाची कड धरली.

"तुमी सांगाल ते घालीन म्याडम," ती म्हणाली. "कायपन सांगा. आता नाय म्हनाची मी."